टाकीखालचा काटा

मुलाने गॅसच्या टाकीखाली काटा बसवला त्या दिवशी मी त्याच्यासाठी शेवभाजी केली होती. रस्सा उकळत होता, शेव टाकून झाली होती, आणि तो म्हणाला, "माय, पाच मिनिटं गॅस बंद कर, टाकी उचलायची आहे." त्या पाच मिनिटांत दुपार टळून गेली. आम्ही जेवायला बसलो तेव्हा शेवेचा पार लगदा झाला होता. त्याने ती सगळी खाल्ली.

काटा म्हणजे ताटाएवढी काळी, जाड चकती. तिच्यावर टाकी ठेवायची. किराणा दुकानात गूळ जोखतात तसा तो टाकी जोखतो, फक्त सारखा, न थांबता. गॅस जळाला की टाकी हलकी होते, तेवढं त्याला समजतं. काट्याची वायर भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीत जाते आणि ती डबी वायफायवरून पुण्यात मुलाच्या फोनला कळवते की आज इतका गॅस जळाला, या वेळी जळाला. फोनमध्ये त्याची रेघ उमटते. मी चहा केला की रेघ थोडी उतरते, डाळ शिजवली की जास्त उतरते. घरातले दिवेही त्याने त्या डबीला जोडून दिले. सकाळचा पहिला चहा झाला की अंगणातला दिवा आपोआप विझतो, कारण तो विझवायला मी विसरते. गॅस फार वेळ चालू राहिला तर स्वयंपाकघरातला दिवा लाल होतो. आणि टाकीचं वजन एकदम घटलं तर गॅस गळतोय असं समजून डबी स्वयंपाकघराची वीज तोडते, दारावरचा भोंगा वाजवते आणि मुलाला खबर देते.

हे सगळं करावं लागलं ते दुधामुळे. उन्हाळ्यात एकदा दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि मी मागच्या अंगणात उडदाचे पापड वाळत घालत बसले होते. वास आला तो समोर राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊला. ती धावत आली, टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मग मला शिव्या दिल्या. एवढ्यावर मिटलं असतं, पण तिने फोन करून मुलालाही सांगितलं. त्याचे वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी इथे तापीकाठी, प्रकाशा गावात एकटी राहते हे त्याला आधीच टोचत होतं. तो आला आणि म्हणाला, आता पुण्याला चल.

मला जायचं नव्हतं. पुण्याचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे. पण तिथे लिफ्टमध्ये अनोळखी माणसं अगदी तोंडासमोर उभी राहतात आणि कुठे बघावं ते मला कळत नाही. मी लहानपणापासून अशीच. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हा गुरुजी उभं करून वाचायला सांगायचे. मला वाचता यायचं, आवाज निघायचा नाही. इथे गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. मी बोलले नाही तरी कोणाला वाईट वाटत नाही. माझ्या वाट्याचं जाऊ बोलून घेते.

यातलं मी मुलाला काही सांगू शकले नाही. "मला इथेच बरं आहे," एवढंच म्हटलं. त्याने काट्याची तोड काढली, पण अट घातली. "काटा बसल्यावर एकदा जरी काही झालं, तर सामान बांधायचं, माय. मग वाद नाही घालायचा. कबूल?"

मी मान हलवली. माझी मान लवकर हलते.

सुरुवातीला मला त्या काट्याची लाज वाटायची. ऐकून कोणी हसेल, पण वाटायची. सासूबाई गेल्यानंतर, हे होते तेव्हा, पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात जायचे. डबा दिला की संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर माझं. तिथे मी काय शिजवते, कधी शिजवते, किती वेळा चहा पिते, हे कोणी बघायला यायचं नाही. आता ते पुण्यात दिसत होतं.

"माय, आज दुपारी तीनदा चहा?"

"समोरची आली होती."

"तिन्ही वेळा?"

मी विषय बदलायची. तो हसायचा. त्याच्या मनात काही नसायचं, पण फोन ठेवल्यावर मी उगाच पदर सारखा करायची.

एकदा सकाळी सकाळी फोन. "माय, काल रात्री गॅस लागलाच नाही. जेवलीस का?"

"शिळी भाकरी होती."

"शिळं कशाला खातेस?"

आता त्याला काय सांगणार? ज्वारीची शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर कांदा आणि लसणाची चटणी घेतली की मला दुसरं काही लागत नाही. त्यासाठी सकाळी मी मुद्दाम एक भाकरी जास्त टाकते. लहानपणी त्यालाही आवडायची. पण फोनवर हे सगळं बोलायचं म्हणजे मला भाषण केल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "उद्यापासून ताजं करेन."

आणि खरंच करायला लागले. भूक असो नसो, संध्याकाळी खिचडी टाकायची. चहाच्या वेळी चहा. रेघ शहाण्या बाईची दिसली पाहिजे. उरलेली खिचडी जाऊच्या म्हशीला घालताना जाऊने मला पकडलं. मी कारण सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून हसली.

"सासू गई तं तुले जरा मोकळं वाटनं व्हतं. आते पोऱ्याच सासू व्हयना तुन्ही!"

गल्लीतल्या बायकांनी तो शब्द उचलला. कोणी दारावरून जाताना विचारायचं, "काय व, सासूबाईंना दिसला का आजचा चहा?" मी हसून आत जायची. बरं, त्यात खोटंही काही नव्हतं.

मग श्रावण आला.

आमच्याकडे श्रावणात कानबाईचे रोट असतात. नारळाला देवीचं रूप देतात, नथ घालतात, दागिने घालतात आणि तिला चौरंगावर बसवतात. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आमच्यात ते घर मोठ्या जाऊचं. कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, मग तो घरी असो, पुण्यात असो की सुरतेला. त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या, जोडीला खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे जेवण भाऊबंदांनीच संपवायचं. मुलाने कळवलं होतं की सुट्टी मिळत नाही. त्याच्या नावाची सव्वा मूठ मीच घातली.

रविवारी दुपारी जाऊकडे पुरणाची डाळ शिजायला ठेवली होती. भलं मोठं पातेलं. अजून डाळ दाताखाली लागत होती आणि खालची आच बारीक होत होत विझली. जाऊने टाकी हलवून पाहिली. रिकामी. नवी टाकी सोमवारशिवाय येणार नव्हती.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. आमच्या गल्लीत टाकी संपली म्हणून कोणाचा स्वयंपाक अडत नाही. वाटीभर साखर मागावी तशी टाकी मागतात. नवी आली की परत करायची, नाहीतर जिला गरज असेल तिला पुढे द्यायची. कधी कधी कोणाची टाकी कोणाच्या घरात आहे हे आठवायला दोघीतिघींना बसावं लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत नुकतीच पहिली टाकी आली होती, तेव्हापासूनची ही पद्धत.

जाऊ म्हणाली, "चाल व, तुन्ही टाकी लई येऊत."

माझी एकच टाकी, पण दोन दिवस मी जाऊकडेच जेवणार होते. आम्ही दोघी माझ्या घरी आलो. मी बटण बंद केलं, रेग्युलेटर काढला. जाऊने टाकी कलती केली आणि कडेवर फिरवत फिरवत दारापर्यंत नेली. टाकी उचलल्यावर चकतीवर पिठाची धूळ दिसली. ती मी फडक्याने पुसली सुद्धा. पुसताना डोक्यात एवढंच होतं की डाळ गार व्हायच्या आत पोहोचलं पाहिजे. दार नुसतं ओढून घेतलं, समोरच्या ओट्यावर जाऊचे मालक, माझे जेठ, बसले होते म्हणून डोक्यावरून पदर घेतला आणि टाकीला हात लावत जाऊच्या मागे गेले.

ती डबी लगेच ओरडत नाही, हे मला नंतर कळलं. कोणाचा चुकून धक्का लागला असेल म्हणून ती जरा वाट बघते. मग ओरडते. ती ओरडली तेव्हा इकडे टाकी लागली होती, डाळ पुन्हा उकळत होती आणि बाहेरच्या खोलीत बायकांनी कानबाईची गाणी धरली होती. भोंगा मी ऐकला. मला वाटलं, यात्रेकरूंची गाडी असेल. श्रावणात प्रकाशाला घाटावर इतक्या गाड्या येतात की दिवसभर हॉर्न ऐकून आमचे कान मेलेले असतात. कोणीच मान वर केली नाही.

तिकडे पुण्यात मुलाच्या फोनवरची रेघ एकदम सरळ खाली आली होती. त्याने मला फोन केला, तो माझ्या फळीवर वाजत राहिला. जाऊला केला, तिचा जेठांच्या खिशात, आणि जेठ ढोलवाल्याशेजारी. शेवटी त्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला फोन केला आणि म्हणाला, माझी आई घरात आहे, गॅस गळतोय, धावा.

जाऊच्या दारात एक पोरगी ओरडत आली तेव्हा मी पुरण ढवळत होते. हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आले. माझ्या घरासमोर ही गर्दी. दुकानदार दोन्ही हात पसरून लोकांना मागे ढकलत होता.

"कोणी आत जायचं नही! आधी ती विडी फेक रे!"

"दारवर पाणी मारा, पाणी!"

"दारवर पाणी मारीसन काय व्हई? बाई आत शे ना!"

"आवाज द्या तिले!"

"ती कधी बोलस का, आते बोली?"

सगळे माझ्या दाराकडे तोंड करून मला हाका मारत होते आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. मी आत नाही, मी इथे आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. आवाज काही येईना. दुकानदाराने नाकावर ओला टॉवेल बांधला आणि दाराला हात घातला, तेव्हा मात्र मी पुढे होऊन त्याच्या बायकोचा पदर ओढला. ती वळली आणि किंचाळली.

"अहो, ही तं आठे शे!"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात दुकानदार आत जाऊन आला होता. टॉवेल खाली करून तो म्हणाला, "टाकीच नही शे घरमा."

"चोरी!" कोणीतरी म्हणालं. "भरदिवसा! रोटाच्या दिवशी!"

मग जाऊ आली. गर्दीने तिला वाट दिली.

"चोरी कसानी रे? टाकी मन्हा घर शे. पुरण शिजी ऱ्हायनं तिन्हावर. जा आपापला घर, नहीतं पोळ्या लाटाले या!"

गल्ली इतकी हसली की भोंगा ऐकू येईना. मी आत पळाले आणि पुरणाच्या पातेल्यापाशी बसले. शेगडीची धग जाणवत नव्हती, एवढा माझा चेहरा तापला होता. दुकानदाराने ओट्यावर उभं राहून मुलाला फोनवर सगळं सांगितलं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मग आत येऊन मला म्हणाला, "मायले सांगा मी निघनू, असं म्हणना तो."

मी समजले. काट्याने बोलावं असं काही व्हायचं नव्हतं, ते झालं होतं. त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली, चव कळली नाही. घरी जाऊन पिशवी काढली. दोन साड्या, गोळ्या, आणि सुनेला आवडतात म्हणून पापडांचा डबा. वाद घालायचा नाही, असं ठरलं होतं.

सकाळी तो शहाद्याहून बसने आला. चेहरा सुजल्यासारखा, डोळे लाल. जाऊने त्याला गल्लीतच गाठलं.

"सुट्टी नव्हती ना तुले? देख, कानबाईनी बलाई लिधं!"

तिने त्याला आधी देवीच्या पाया पडायला लावलं, मग त्याच्या वाट्याची पोळी समोर ठेवली. तो खाऊन उठेपर्यंत ढोल सुरू झाला. कानबाईला डोक्यावर घेऊन सगळे तापीकडे निघाले. आम्ही दोघे घरी आलो.

दाराजवळची पिशवी त्याने पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या काट्यासमोर उकिडवा बसला.

"टाकी?"

"समोरच आहे. तिची नवी आज येईल."

"मग चहा?"

"समोर."

त्याने डोकं खाजवलं. तो पुण्याचं बोलतो, पण मनात काही दाटलं की आमचं बोलतो. "रेघ एकदम खाली गई, माय. मले वाटनं..." पुढचं त्याने गिळलं.

मी भिंतीकडे वळून डबे पुसत होते. समोर बघून मला बोलता येत नाही, काम करताना थोडं येतं.

"तुझ्या फोनमध्ये गॅस संपला, असं येतं ना?"

"येतं."

"गळला, असं येतं. उसना दिला, असं येतं का?"

तो माझ्याकडे बघत असावा. "नाही येत."

"मग ते घाल."

मग त्याने बॅगेतून संगणक काढला आणि तिथेच फरशीवर बसून टकटक करायला लागला. एक बटणही निघालं बॅगेतून, बाटलीच्या झाकणाएवढं. ते त्याने डबीच्या खाली चिकटवलं. टाकी द्यायच्या आधी हे दाबायचं, म्हणजे भोंगा वाजणार नाही आणि त्याला कळेल. "पण माय, तू दाबायला विसरशील. आणि ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं."

एवढ्यावर मी थांबले असते. आयुष्यभर थांबतच आले. पण हातात डबा होता, तो मी पुसत राहिले आणि बोलत राहिले.

"मी येते पुण्याला. इथे मी तुला दिसते, तू मला दिसत नाहीस. एकटीनेच दिसत राहायचं असेल तर मी तिथेच येते. तिथे निदान तुम्हीही मला दिसाल. नाहीतर तुमचा गॅस मला दिसू दे. मग मी इथे राहते."

"आमचा गॅस?"

"हो."

"आमची टाकी नाही, माय. पाइप आहे. बाहेर मीटर आहे."

"मग मीटरचं दिसू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि सुनेला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, मग आम्ही किती वेळा बाहेरून मागवतो ते तुम्हाला कळेल हं."

मी म्हटलं, "कळू दे. मी नाही विचारणार."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. टाकी तोवर घरी आली होती, तिच्यावर केलेला चहा पिऊनच निघाला. दाराशी पिशवी तशीच होती. त्याने ती उघडली, पापडांचा डबा तेवढा काढून घेतला आणि बाकीची पिशवी कपाटात ठेवून दिली.

काही दिवसांनी माझ्या फोनवर त्यांची रेघ आली. मीटरच्या काचेसमोर त्याने छोटा कॅमेरा बसवला आहे, तो आकडे वाचतो. मी संध्याकाळी ओट्यावर बसून बघते. आठवडाभर रेघ जवळजवळ आडवी असते. सकाळी लवकर एक बारीक पायरी, म्हणजे त्याचा चहा. तो इतक्या लवकर उठतो हे मला माहीत नव्हतं. लहानपणी उठवायला पाणी शिंपडावं लागायचं. रविवारी पायऱ्याच पायऱ्या. तेव्हा सून काहीतरी मोठं करत असणार.

मध्ये एकदा काही दिवस एकही पायरी नाही. चहाचीही नाही. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. विचारणार नाही असं म्हटलं होतं. शेवटी लावला.

"पाऊस आहे का रे तिकडे?"

"माय, गॅसचं विचार ना सरळ."

सून माहेरी गेली होती आणि तो ऑफिसातच जेवत होता. मला हसू आलं, त्यालाही आलं. तेव्हापासून त्याने माझ्या चहाचा हिशेब विचारला नाही. मी संध्याकाळची खिचडी सोडून दिली आणि शिळ्या भाकरीवर आले.

बटण गल्लीत प्रसिद्ध झालं. टाकी न्यायला कोणी आली की आधी तेच दाबते, मग टाकीला हात लावते. पोरीबाळी नुसत्याच दाबायला येतात, आणि पुण्यात मुलाला कळतं की माझी टाकी उसनी गेली. तो फोन करत नाही.

दिवाळीला दोघं आले, चार दिवस राहिले. पुण्याला चल, हा विषय त्याने काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.